गायरान राखायचे, मग ढोरं चारायची कुठे?



पारोळा तालुक्यात गायरान राखण्याची गोष्ट काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, मग ढोरं चारायची कुठे?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपल्याच खानदेशातले बारीपाडा पाहा.

साक्री तालुक्यातल्या या आदिवासी पाड्याचे डोंगर १९९० च्या सुमारास बोडके झाले होते. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गाव एकत्र बसले. कुऱ्हाड बंद, मोकाट चराई बंद, नियम मोडणाऱ्यास दंड, चोरी दाखवणाऱ्यास बक्षीस. पहारेकरीही गावचेच. आज तिथे सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखलेले आहे आणि विहिरींना पाणी आहे. रानभाज्यांची पाककला स्पर्धाही भरते. ती पाहायला लांबून माणसे येतात आणि जंगल का राखले हे ताटावरच समजते! श्री. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पण बारीपाड्याला डोंगराचा पाऊस आहे, आपल्याकडे तो नाही. म्हणून आपण झाडाआधी गवताचा विचार करावा. मृगापूर्वी उताराला आडवे सलग समतल चर खोदा, दोन फूट रुंद व एक फूट खोल. चराच्या भरावावर मारवेल, पवन्या यांचे बी टाका. हे बी हलके, वाऱ्याने उडते. ओल्या मातीत मिसळून त्याच्या गोळ्या कराव्यात. बी झडल्यावरच गवत कापावे. वणवा लावू नये.

आता बकऱ्यांचे. एका गावी मी सगळे गायरान एकदम बंद करायला लावले. सभेला बागायतदार होते, भूमिहीन बकरीवाले नव्हते. पोळ्यापर्यंत बंदी मोडली. चूक माझी होती. त्यांचे पोट त्या माळावर होते आणि मी त्यांना विचारलेच नव्हते.

तेव्हा गायरानाचे तीन भाग करा. यंदा एकच बंद ठेवा, दोन चराईला मोकळे. तो भाग सावरला की दुसरा. बंद भागातले गवत कापून न्यायचे, आणि वाटा ढोरांच्या संख्येवर न देता घरटी सारखा द्यायचा. ज्याच्याकडे दोनच बकऱ्या, तो उरलेला चारा विकेल, विकू द्या. राखणदारीही शक्यतो बकरीवाल्यांकडेच द्यावी.

ग्रामसभेच्या ठरावाआधी तलाठ्याकडून सातबारा व हद्द पाहून घ्यावी. सभा संध्याकाळी, बकऱ्या घरी परतल्यावर ठेवावी.