थंडीचा अंमल आणि मोटारसायकलस्वार

ज्या निफाड तालुक्यात पारा ५ अंशांच्या आसपास उतरताच द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटविल्या जातात, त्याच तालुक्यातील पिंपळगाव बसवंतचा बागायतदार मात्र सुती सदरा आणि मफलर एवढ्याच बंदोबस्तावर मुंबई-आग्रा महामार्गाने मोटारसायकल हाकतो, हे पाहून मन हळहळते.

शरीराभोवती त्याच्याच उष्णतेने ऊबदार झालेला हवेचा पातळ थर असतो. वारा तो क्षणोक्षणी हिरावून नेतो. अंटार्क्टिकातील प्रयोगांवरून सिपल आणि पॅसेल या संशोधकांनी १९४५ साली या परिणामाचे गणित मांडले, आणि आजच्या सुधारित सूत्राप्रमाणे ५ अंश तापमानात ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेस उणे १ अंशाइतका गारठा जाणवतो.

म्हणून केवळ लोकरीवर भिस्त ठेवणे व्यर्थ होय, कारण स्वेटरच्या विणीतून वारा निर्वेध शिरतो. त्यावर रेनकोटासारखे वारा अडविणारे वस्त्र हवेच, आणि ते नसल्यास छातीशी वर्तमानपत्राच्या घड्या ठेवण्याची जुनी तजवीजही उपयुक्त ठरते. घामाने भिजलेला सुती कपडा मात्र अंगातील ऊब शोषून घेतो.

खरी चिंता हातांची. देहाचा गाभा थंडावू लागला, की शरीर बोटांकडील रक्तप्रवाह आखडते, आणि बधिर बोटे ब्रेक वेळेवर दाबू शकत नाहीत. बोटे बधिर झाली, तर गाडी थांबवून हात काखेत धरून ऊब येऊ द्यावी, आणि मगच पुढे निघावे, ही कळकळीची विनंती.