पांडुरोग : दगदगीच्या नावाखाली दडलेली व्याधी

पवारांच्या धार आणि देवास या जुन्या संस्थानी नगरांतील मराठी घरांत एखाद्या गृहिणीने ‘घेरी येते’, ‘जिना चढताना धाप लागते’, ‘अंगात त्राण उरले नाही’ अशी कैफियत मांडली, की दगदगीच्या सदरात तिची नोंद होऊन प्रकरण बहुधा दप्तरदाखल होते. वस्तुतः अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा रक्तक्षय, म्हणजे आपल्या प्राचीन वैद्यांचा पांडुरोग असतो. स्त्रीच्या दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा, आणि गर्भवतीच्या बाबतीत ११ ग्रॅमपेक्षा, हिमोग्लोबिन कमी भरले तर तो रक्तक्षय होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणी त्याने ग्रस्त आढळल्या.

मासिक पाळीतील अतिस्राव, लागोपाठची बाळंतपणे, निकृष्ट आहार, पोटातील आकडीकृमी ही त्याची परिचित कारणे. परंतु धार जिल्ह्यातील भिल्ल-भिलाला वस्तीत सिकलसेल हा आनुवंशिक विकारही आढळतो, आणि तो केवळ लोहाच्या गोळ्यांनी शमत नाही, म्हणून आधी परीक्षा, मग औषध, हा क्रम मी अत्यावश्यक मानतो. जेवणालगतचा चहा अन्नातील लोह शरीरात नीट मुरू देत नाही. लिंबू-आवळा ते मुरण्यास साह्य करतात.

‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ या स्त्री-आरोग्यविषयक देशव्यापी अभियानाचा आरंभ १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातूनच झाला. वाचकहो, घरातील माउलीची रक्ततपासणी याच आठवड्यात करवून घ्या.