घडीचे घर आणि परदेशातील प्रवास

आपल्या सीमाभागातील डॉक्टर मंडळींना परदेशप्रवासाची अपूर्वाई आता राहिलेली नाही. कमलनगर, औराद, भालकी, उदगीर येथील अनेक कुटुंबांतील मुले शिक्षणासाठी बाहेर पडली आणि इंग्लंड-अमेरिकेत स्थिरावली. साहजिकच आई-वडिलांची, काका-मावशींची तिकडे ये-जा सुरू झाली. हा प्रवास बहुधा दोन प्रकारे होतो. एक तर सहल कंपनीबरोबर दहा दिवसांत सहा देश पाहायचे, किंवा आप्तांच्या घरी राहून आसपासची ठिकाणे पाहायची. पहिल्या प्रकारात लहान मुलांची झोप व ज्येष्ठांचे पथ्य यांची आबाळ होते. दुसऱ्यात फार दूर जाता येत नाही. या दोहोंच्या मधला एक मार्ग तेथील मध्यमवर्गीय कुटुंबे अनेक दशके चोखाळत आली आहेत. तो म्हणजे फोल्डिंग कॅम्पर, अर्थात मोटारीमागे जोडून नेण्याचे घडीचे घर. इंग्लंडात राहणाऱ्या आप्तांसमवेत अशा घरातून फ्रान्समध्ये हिंडण्याची संधी मला मिळाली. त्या अनुभवाच्या आधारे, आणि बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने, या प्रकाराची ओळख करून देण्याचा येथे प्रयत्न आहे.

घडीच्या घराची रचना

फोल्डिंग कॅम्पर बंद असताना दोन चाकांच्या सपाट पेटीसारखा दिसतो. त्याची उंची मोटारीच्या छतापेक्षा कमी असते. त्यामुळे आरशातून मागचा रस्ता दिसतो आणि वाऱ्याचा विरोधही कमी होतो. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर चारही कोपऱ्यांचे आधारपाय खाली सोडून पेटी समपातळीत आणतात. मग झाकणाचे दोन भाग दोन बाजूंना पुस्तकाप्रमाणे उघडतात आणि तेच दोन प्रशस्त पलंग होतात. मध्ये सांगाडा उभा राहतो, त्यावर जाड कापडाचे छत व भिंती ताणल्या जातात. आत शेगडी, पाण्याची मोरी, बाके व मेज आधीच बसविलेले असते. सराव झालेले कुटुंब पंधरा-वीस मिनिटांत हे सारे उभे करते. तंबूत जमिनीवर निजावे लागते. येथे जमिनीपासून वर, कोरड्या गादीवर निजता येते. मोठ्या कॅराव्हॅनपेक्षा याचे वजन कमी, म्हणून साधी कौटुंबिक मोटारही ते ओढू शकते. घरी ठेवायला जागाही थोडीच लागते.

आपल्याला ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. खंडोबाच्या माळेगावच्या यात्रेला बैलगाडीवर ताडपत्री टाकून सहकुटुंब जाणारी, गाडीखालीच चूल मांडणारी पिढी आपण पाहिली आहे. पंढरीच्या वारीत तर दिंडीच्या सामानाचा ट्रक पुढे जातो, राहुट्या ठोकल्या जातात आणि पहाटे पुन्हा सारे गुंडाळून पुढच्या मुक्कामी निघते. घर बरोबर नेण्याची रीत आपली जुनीच आहे. ती मोटारीला जोडण्याची तेवढी त्यांची.

एका डॉक्टरचा वारसा

या छंदाचा आरंभ एका डॉक्टरकडे जातो, हे आपल्या वाचकांना रुचेल. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील स्कॉटिश शल्यचिकित्सक. निवृत्तीनंतर ते मुलांसाठी साहसकथा लिहीत. सन १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टल येथील कारखान्यातून 'वाँडरर' नावाचे एक फिरते घर करवून घेतले आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडच्या दक्षिण भागातून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. बरोबर नोकर, गाडीवान, कुत्रा आणि पोपट असा परिवार होता. केवळ आनंदासाठी बांधलेले पहिले फिरते घर म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढे १९०७ मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. मोटार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर मात्र हलक्या आणि स्वस्त घराची गरज भासू लागली. फ्रान्समधील मायेन येथे काँस्तां रूसो या फर्निचर बनविणाऱ्या कारागिराने १९६१ मध्ये घडीची कॅराव्हॅन तयार केली. त्यातूनच पुढे रापिदो ही नामांकित कंपनी उभी राहिली.

निघण्यापूर्वीची तयारी

पहिली बाब वजनाची. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे भरलेले वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नवख्यांसाठी संकेत आहे. जोडणीच्या कडीवर त्या वजनाचा साधारण पाच ते सात टक्के भार पडावा. तो फार कमी असेल तर मागची गाडी वेगात डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागते. म्हणून जड सामान चाकांच्या वर आणि तळाशी ठेवावे. एकूण अनुज्ञेय वजन ७५० किलोंपेक्षा जास्त असल्यास मागच्या गाडीस स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. इंग्लंडात अशी गाडी ओढताना एकेरी रस्त्यावर ताशी ५० मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर व मोटरवेवर ताशी ६० मैल ही मर्यादा आहे. जर्मनीत विशेष मान्यता नसल्यास ताशी ८० किलोमीटरच.

दुसरी बाब परवान्याची. भारतीय परवान्यावर इंग्लंडात आल्यापासून बारा महिने मोटार चालविता येते. तथापि मागे दुसरी गाडी जोडून, तीही फ्रान्समध्ये, चालविणे हा निराळा प्रश्न आहे. विमा कंपनीकडून तशी लेखी खात्री करून घ्यावी. तेथील परवाना असलेल्या आप्तानेच सारथ्य करावे, हे सर्वांत उत्तम.

तिसरी बाब व्हिसाची. इंग्लंडच्या व्हिसावर फ्रान्समध्ये जाता येत नाही. त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. त्याकरिता किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो आणि निवासाचा पुरावाही द्यावा लागतो. म्हणून कॅम्पसाइटचे आरक्षण लेखी हवे. युरोपीय संघाबाहेरून येताना दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. तेव्हा घरचे साजूक तूप आणि पेढे इंग्लंडातच संपवावेत. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीस मर्यादित सवलत आहे.

घराचा दुसरा अर्धा भाग

घडीचे घर हे अर्धेच घर असते. उरलेले अर्धे ते ज्या जमिनीवर उभे राहते तेथे असते. युरोपातील कॅम्पसाइट म्हणजे मोकळे माळरान नव्हे. फ्रान्समध्ये त्यांना हॉटेलांप्रमाणे एक ते पाच तारे दिले जातात. अनेक छोट्या गावांत नगरपालिकेचीही स्वस्त कॅम्पसाइट असते. प्रत्येक कुटुंबास आखून दिलेली जागा, पिण्याच्या पाण्याचे नळ, गरम पाण्याची स्नानगृहे, स्वच्छ शौचालये, भांडी घासण्याचे कट्टे आणि सांडपाण्याची सोय एवढे साध्या ठिकाणीही मिळते. इंग्लंडात दोन घरांमध्ये सहा मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. तो एकांतासाठी नसून आगीच्या भयाने आहे, कारण कापडाचे घर पेटल्यावर मिनिटांतच भस्मसात होते.

विजेची जोडणीही मिळते, पण मोजून. जोडणी सहा अँपिअरची असेल तर २३० व्होल्टला सुमारे १३८० वॉटच वीज मिळते. घरची दोन हजार वॉटची किटली लावली की खटका पडतो. लहान किटली, किंवा गॅसवर प्रेशर कुकर, हे अधिक श्रेयस्कर. या प्रवासाचे खरे सुख त्या कुकरपाशी आहे. मधुमेही आजोबांना वेळेवर जेवण, नातवाला मऊ खिचडी आणि रोज रात्री तीच ओळखीची गादी. प्रवासात मूल किरकिर करते ते बहुधा जागा बदलल्यामुळे नव्हे, तर झोपेची आणि भुकेची वेळ मोडल्यामुळे. घडीचे घर ती वेळ सांभाळते.

बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

मोटारीतील आसनापासून सुरुवात करू. इंग्लंडात मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला योग्य बालआसन लागते. फ्रान्समध्ये ही अट दहा वर्षांपर्यंत आहे. मूल मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपली सवय विमानतळावरच सोडावी. घर रस्त्यावर धावत असताना त्यात कोणीही बसता कामा नये.

दुसरा विषय गोचिडीचा. युरोपातील गवताळ व जंगली भागांत गोचीड चावून लाइम आजार होऊ शकतो. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत त्वचेवर हळूहळू पसरणारे लाल वर्तुळ उमटते. म्हणजेच पुरळ दिसेपर्यंत मूल कमलनगरला परतलेले असते आणि आपण ते नायटा समजून मलम लिहून देतो. अशा मुलाच्या आईवडिलांना प्रवासाविषयी जरूर विचारावे. संध्याकाळी स्नानाच्या वेळी मुलाच्या काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग आणि केसांची कड तपासावी. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल वा विडीचा चटका यांचा प्रयोग करू नये. ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी या भागांत गोचिडीमुळे मेंदूज्वरही होतो व त्यावर लस उपलब्ध आहे. आपल्या कर्नाटकात १९५७ पासून ज्ञात असलेला क्यासनूर जंगलज्वर याच कुळातील विषाणूचा आहे, हे लक्षात घेता गोचिडीला कमी लेखण्याचे कारण नाही.

तिसरा विषय गॅस आणि धुराचा. हा सर्वांत गंभीर आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो; म्हणून तळाशी ठेवलेली झडपे सामानाने कधीही झाकू नयेत. जहाजात मोटार चढविण्यापूर्वी टाकी बंद करावी. पण खरा घातकी आहे तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी त्याची आसक्ती ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक आहे. बाहेर मांडलेली कोळशाची शेगडी रात्री विझत आली, ऊब आहे, पाऊस सुरू झाला म्हणून ती कापडी घरात घेतली जाते आणि निजलेले कुटुंब सकाळी उठत नाही. युरोपात अशा दुर्घटना वारंवार घडल्या आहेत. राखेखाली मंदावलेला कोळसाही हा वायू सोडीतच असतो.

लहान मुलाचा श्वसनाचा वेग जास्त, म्हणून विषबाधा त्याला आधी होते. डोकेदुखी, मळमळ, ग्लानी ही लक्षणे बाहेरचे खाणे किंवा प्रवासाचा शीण यांवर सहज ढकलली जातात. घरातील एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी डोकेदुखी झाली आणि मोकळ्या हवेत ती कमी झाली, तर हाच संशय घ्यावा. आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. साधा पल्स ऑक्सिमीटर येथे फसवतो. तो या वायूने व्यापलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनयुक्त समजून ९८ टक्के दाखवितो. त्या आकड्यावर विसंबून रुग्णाला घरी पाठवू नये. मोकळी हवा, घट्ट मुखवट्यातून पूर्ण ऑक्सिजन आणि त्वरित रुग्णालय हाच मार्ग. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे तास-दीड तास. फिरत्या घरात धोकासूचक घंटा बसविता येते, ती जरूर बसवावी. युरोपीय संघात व इंग्लंडातही ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. तो मुलांनाही पाठ असावा.

आपल्या अंगणाकडे पाहताना

हे सारे परदेशाच्या हौशी प्रवासापुरतेच आहे असे कोणी समजू नये. बाळंतिणीच्या बाजेखाली विस्तवाची शेगडी ठेवून, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद करण्याची रीत आपल्या भागात अद्याप पुरती गेलेली नाही. त्या खोलीतील तान्हे बाळ सुस्त पडले, दूध ओढीना झाले, तर जंतुसंसर्गाबरोबर शेगडीचाही विचार आपल्या मनात यायला हवा. शेकाचा आग्रह धरणाऱ्या आजीबाईंशी वाद घालण्याऐवजी 'शेक झाला की विस्तव बाहेर न्या आणि वरची खिडकी उघडी ठेवा' एवढे सांगितले, तर ते पाळले जाण्याची शक्यता अधिक आहे.

घडीच्या घराचा दुसरा धडाही येथे लागू पडतो. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातील कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोपी करून राहतात. बांबू, चटई आणि ताडपत्री यांचे तेही घडीचेच घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तर हजारो कुटुंबांनी तंबू आणि पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. कापडाची भिंत फ्रान्समध्येही आहे आणि कोपीलाही आहे. तेथे मूल आनंदाने हिंडते आणि कोपीतले मूल जुलाबाने, खोकल्याने, भाजल्याने आपल्या दवाखान्यात येते. फरक पडतो तो नळाने, शौचालयाने, दोन घरांमधील अंतराने आणि जमिनीपासून वर असलेल्या कोरड्या अंथरुणाने. वारीच्या मार्गावर अलीकडे फिरत्या शौचालयांची सोय होऊ लागली आहे. यात्रेत जे शक्य झाले ते ऊसतोडणीच्या तळावर अशक्य असण्याचे कारण नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. आपल्याकडेही फिरत्या घरांचा हा छंद हळूहळू रुजेल. परदेशी जाणाऱ्या वाचकांनी एकदा घडीच्या घराचा अनुभव जरूर घ्यावा. वजन तोलून, घंटा बसवून आणि कोळसा बाहेर ठेवून. आणि परतल्यावर, येत्या हंगामात आपल्या संस्थेतर्फे जवळच्या एखाद्या तळावर आरोग्य शिबिर भरवावे. तेथे औषधे देण्यापूर्वी पाण्याचा नळ किती दूर आहे, हे आधी पाहावे.