मरुवनस्पती आणि हवेतील ओलावा : संकलन व शोषण

वाळवंटातील वनस्पती हवेतील ओलावा शोषून जगतात, असे विधान वर्गाध्यापनात सरसकट केले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नव्हे. परंतु ‘ओलावा’ या एकाच शब्दाखाली बाष्प आणि धुके या दोन भिन्न अवस्था एकत्र येतात व तेथूनच गैरसमजास प्रारंभ होतो.

पाणी अधिक जलविभवाकडून कमी जलविभवाकडे जाते. २५ अंश सेल्सिअस तापमान व ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना हवेचे जलविभव सुमारे उणे ९५ मेगापास्कल असते. कोरड्या प्रदेशातील झुडपाच्या पानाचे जलविभवही सहसा उणे १० मेगापास्कलच्या खाली जात नाही. अशा स्थितीत पाणी पानातून हवेतच जाणार. आर्द्रता ९८ टक्क्यांवर पोहोचली तरी हवेचे जलविभव उणे पावणेतीन मेगापास्कलच्या आसपास राहते. म्हणून बाष्प थेट घेण्याची संधी जवळजवळ संपृक्त हवेतच, आणि तीही अल्पकाळ मिळते.

धुके मात्र द्रवरूप थेंबांचे बनलेले असते. नैर्ऋत्य आफ्रिकेतील नामिब वाळवंट हे याचे उत्तम उदाहरण होय. बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहावरून येणारे धुके तेथे अनेक किलोमीटर आतपर्यंत पोहोचते. तेथील गोबाबेब संशोधन केंद्राच्या परिसरात वर्षाकाठी पाऊस सरासरी जेमतेम २५ मिलिमीटरच्या आसपास पडतो. धुके त्याहून पुष्कळ भरवशाचे असते. वाळूच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या स्टिपाग्रॉस्टिस सॅब्युलिकोला या गवताच्या पात्यांवर लांबट खाचा असतात. पात्यावर जमलेले थेंब या खाचांतून बुंध्याशी उतरतात आणि वाळूच्या वरच्या थरात पसरलेली उथळ मुळे ते पाणी घेतात. येथे पान केवळ पन्हळीचे काम करते; शोषण मुळांकडूनच होते. याउलट, त्याच टेकड्यांवरील ट्रायँथेमा हेरेरोएन्सिस ही मांसल वनस्पती पानांद्वारेही धुक्याचे पाणी घेते, असे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. शेजारी वाढणाऱ्या दोन वनस्पतींचे मार्ग इतके वेगळे असू शकतात.

वेल्विशियाची कथा अधिक बोधप्रद आहे. ही द्विपर्णी वनस्पती पर्णरंध्रांतून धुके पिते, हे १९७० च्या दशकातील मत पुस्तकांतून दीर्घकाळ फिरत राहिले. नंतरच्या अभ्यासांत त्यास पुष्टी मिळाली नाही. जेथे धुके क्वचितच पोहोचते अशा अंतर्भागातही ती वाढते आणि मुख्यतः जमिनीतील पाण्यावर जगते.

बाष्पाच्या संदर्भात २०२३ मध्ये एक नवी बाब पुढे आली. अबू धाबी येथील संशोधकांनी टॅमॅरिक्स अफायला या झाऊच्या प्रजातीचा अभ्यास केला. ही वनस्पती अतिरिक्त क्षार पानांवर उत्सर्जित करते. दिवसा त्यांचे स्फटिक बनतात आणि रात्री ते हवेतील बाष्प खेचून घेतात. क्षारमिश्रणातील लिथियम सल्फेटमुळे हे कार्य सुमारे ५५ टक्के आर्द्रतेलाही होऊ शकते. क्षार धुऊन टाकलेल्या फांदीवर मात्र फारच थोडे पाणी जमले. तथापि जमलेला हा द्रव अतिशय क्षारयुक्त असल्याने त्याचे जलविभव पानापेक्षा बरेच कमी राहते. पुढे दव पडून किंवा आर्द्रता संपृक्ततेजवळ जाऊन तो पुरेसा सौम्य झाल्याखेरीज त्यातील पाणी पानात शिरणे वरील नियमाला धरून होत नाही. म्हणूनच पानावर जमलेले पाणी आणि वनस्पतीने घेतलेले पाणी यांचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते.