कार्ड घेण्याआधी नेमप्लेट वाचली

2023 सालच्या दसऱ्याआधीची गोष्ट. रात्री जेवताना चिरंजीवांनी हळूच विषय काढला. "पप्पा, कॉम्प्युटरला नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हणतोय." कितीला पडेल, विचारले तर म्हणाला, "तीस हजार." माझा घास हातातच राहिला. धारवाडहून आलेल्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. "इष्ट रोक्का? याक बेकप्पा इद?" त्यांनी नातवाला विचारले. आमच्या घरी मोठे प्रश्न असे कन्नडमध्येच पडतात.

चौदा हजार त्याचे स्वतःचे होते. दोन वर्षे सुट्टीत दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. म्हणजे सरळ नाही म्हणायचीही सोय नव्हती. "गेम खेळायलाच ना?" मी जरा तिरकसपणे म्हटले. तो काही न बोलता मला आत घेऊन गेला.

कॉम्प्युटर 2018 साली घेतलेला. प्रोसेसर इंटेलचा आय फाईव्ह, आठव्या पिढीचा. कार्ड जीटीएक्स 1050 टीआय, त्याची मेमरी 4 जीबी. मित्रांबरोबर तो रोज खेळतो तो व्हॅलोरंट त्यावर छान चालतो, कारण त्या खेळाचा भार कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त. हे त्याने स्वतःच सांगितले. प्रामाणिकपणा आवडला! पण सायबरपंकसारखे मोठे खेळ अडखळतात. मग त्याने दुसरेच काही उघडले. आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे छत, पाकळी न् पाकळी, तो ब्लेंडरमध्ये उभे करत होता. चित्र पक्के करायला घेतले की कार्डाची मेमरी संपते आणि काम थांबते. माझा जन्म बेळगावचा. 1204 साली बांधलेल्या त्या बस्तीत मान वर करून मी किती वेळा पाहिले असेल, हे सांगायला लाज वाटते.

मग आमचा बाजारहाट सुरू झाला. नव्या कार्डांत त्याच्या मनात आरटीएक्स 4060 होते. त्याच वर्षी आलेले, 8 जीबीचे, वीज फक्त 115 वॅट. दुसरे 2021 चे आरटीएक्स 3060, वेगाने थोडे कमी, पण मेमरी 12 जीबी आणि वीज 170 वॅट. एएमडीचे आरएक्स 6600 या दोन्हींपेक्षा स्वस्त. नुसते खेळायचे असते तर मी तेच घे म्हटले असते. पण ब्लेंडरचे काम एनव्हिडियाच्या कार्डांवर जास्त वेगाने होते, म्हणून ते मागे पडले.

एवढ्यात एक आमिष समोर आले. बेंगळुरूचा कोणी एक जण आरटीएक्स 3070 बावीस हजारांना विकत होता. वापरलेले, बिल नाही. पोरगा पाघळला. मी त्याला एवढेच विचारले, एवढी कार्डे एकदम विकायला का निघाली? उत्तर त्यालाच ठाऊक होते. इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस चालवत. सप्टेंबर 2022 मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ती बाजारात आली. अशी सगळीच कार्डे खराब असतात असे नाही. पण पंखे झिजलेले, मेमरी महिनोन् महिने तापलेली आणि बिलाअभावी वॉरंटीसाठी जायचे कुणाकडे? तो नाद सुटला.

आता 4060 की 3060? मला त्यातले काय कळणार! पण उद्यमबागच्या फाउंड्रीत माझी तीस वर्षे मेन्टेनन्समध्ये गेली. कुठलीही मोटर जोडायची तर आधी नेमप्लेट वाचायची, ही हाताला लागलेली सवय. मी म्हटले, "कार्ड राहू दे. याला वीज कोण पुरवतो, ते दाखव."

कॅबिनेटचे झाकण उघडले. एसएमपीएसवर ठसठशीत अक्षरांत 450 वॅट. खाली बारीक तक्ता होता. कार्ड आणि प्रोसेसर चालतात ते 12 व्होल्टच्या लाइनवर, आणि त्या रकान्यात आकडा 16 अँपिअर. बाराला सोळाने गुणा, 192 वॅट! प्रोसेसरचे 65 आणि 3060 चे 170 धरले तरी 235. 4060 घेतले तरी 180, वर मदरबोर्ड, डिस्क, पंखे आहेतच. मग इतकी वर्षे चालले कसे? जुने कार्ड जास्तीत जास्त 75 वॅट घ्यायचे, तेही थेट स्लॉटमधूनच. नव्या कार्डाला वेगळी 8 पिनांची वायर लागते, ती या एसएमपीएसला नव्हतीच. मुलाने दोन जुने प्लग एकत्र करणारे कन्व्हर्टर शोधून ठेवले होते. मी ते हातात घेतले आणि खिशात टाकले. फाउंड्रीत असल्या जोडांचा करपट वास मी घेतलेला आहे.

कॅबिनेट ज्या दुकानातून आणले, तिथे जाऊन विचारले. "सर, सगळ्यांना हाच देतो," हे उत्तर. भांडलो नाही, पण नवा तिथून घेतला नाही.

हिशोब नव्याने मांडला. 550 वॅटचा चांगला एसएमपीएस, 12 व्होल्टला 45 अँपिअर, पाच वर्षांची वॉरंटी, साडेचार हजार. उरले साडेपंचवीस. त्यात 4060 बसत नव्हते, 3060 बसले. पोराचा चेहरा पडला. पण आणखी एक गोष्ट होती. 4060 स्लॉटच्या सोळापैकी आठच लाइन वापरते. आमच्या मदरबोर्डवर त्या जुन्या, निम्म्या वेगाच्या पिढीतल्या. 3060 सोळाही वापरते. मॉनिटर 1920 बाय 1080 चा, सेकंदाला 60 चित्रे दाखवणारा. त्यापुढची चित्रे कार्डाने काढली तरी दिसणार कुठे? हे त्यानेच वाचून काढले आणि दुसऱ्या दिवशी मला ऐकवले.

सासूबाईंनी पेन्शनमधून सहा हजार काढून दिले, बाकीचे दहा माझे. कार्ड आणण्याआधी टेपने कॅबिनेटची लांबी मोजली. पुढच्या पंख्यापर्यंत जेमतेम दोन बोटे जागा उरत होती.

त्यानंतर 2025 साली आरटीएक्स 5060 आले, तेही 8 जीबीच. चिरंजीवांनी ती बातमी मला मुद्दाम वाचून दाखवली. कमल बस्तीचे छत पूर्ण व्हायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडला. सासूबाईंनी चष्मा पुसून ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, "चलो माडी, तम्मा." मग मला विचारले, "जुन्याचे किती आले?" जुने कार्ड भाच्याला दिले होते. जुना एसएमपीएस अजून माळ्यावरच पडून आहे.