धूर, विस्तव आणि अंगारा

डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे विस्तव आहे. हे शेंबडे पोरही सांगेल. पण बंधू-भगिनींनो, अशाच साध्या अनुमानांवरून आचार्य दिङ्नागांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तर्काची कसोटी बांधली. 'प्रमाणसमुच्चय' हा त्यांचा ग्रंथ.

कारण तीन ठिकाणी तपासायचे. ते त्या जागी खरोखर आहे का? धूर समजलो ते धुके निघाले, तर सारेच कोसळले. विस्तव असलेल्या दुसऱ्या जागी, म्हणजे चुलीपाशी, ते आढळते का? आणि जिथे विस्तव नाही, जसे तळे, तिथे ते मुळीच नसते ना? खरी मेख इथे आहे. फसवणारे नेमकी हीच तपासणी टाळतात.

वस्तीत म्हणतात, "अंगाऱ्यानेच पोराचा ताप उतरला." पुरावा काय? तर ताप उतरला हाच! उतरला हे खरे. अंगारा लावलेल्या आणखी चार पोरांचाही उतरला, तेही खरे. पण अंगारा न लावलेल्या शेजारच्या पोराचाही उतरलाच की! कारण दोन्हीकडे सापडले. अशा कारणाला 'अनैकान्तिक' हेत्वाभास म्हणतात. दिसते कारण, पण सिद्ध काहीच होत नाही. पुढे धर्मकीर्तींनी 'प्रमाणवार्तिक' लिहून हा विचार अधिक पक्का केला. त्याची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांना १९३० च्या दशकात तिबेटात मिळाली.

एवढी विद्या घरची असताना अंगाऱ्यावर दोन दिवस काढले, आणि ताप मलेरियाचा निघाला तर?