1984 चा उन्हाळा

10 ऑगस्ट 2024 ला पॅरिसजवळ न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनने कयाकिंगमधलं आठवं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. बिर्गिट फिशरशी बरोबरी झाली, असं छापून आलं. लिसाचं कर्तृत्व मोठंच आहे. तरी ही बरोबरी मला सलते, कारण बिर्गिटच्या हिशेबातला एक अख्खा उन्हाळा कुणी धरतच नाही.

बिर्गिट पूर्व जर्मनीतल्या, हाफेल नदीकाठच्या ब्रँडेनबुर्गची. 1980 ला मॉस्कोत 500 मीटर एकेरीचं सुवर्ण मिळवलं तेव्हा ती 18 वर्षांची होती. पुढे पाण्यावर तिचंच राज्य. 1983 ला टाम्पेरेच्या विश्वस्पर्धेत एकटीची, दोघींची, चौघींची अशा 500 मीटरच्या तिन्ही शर्यती तिने मारल्या. 1985 ला मेखेलेनमध्ये पुन्हा तिन्ही. या दोहोंच्या मधोमध लॉस एंजेलिस होतं. चौघींची शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीही तिथेच, पहिल्यांदा. पण मॉस्कोने बहिष्कार टाकला, पूर्व बर्लिनने री ओढली आणि ऐन भरातली, 22 वर्षांची बिर्गिट घरी राहिली.

त्या ऑगस्टमध्ये मी शाळेत होतो. घरात, वाड्यात, वर्गात एकच विषय: पी. टी. उषाचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. ती हळहळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पण उषाला धावायला तरी मिळालं. बिर्गिटला पाण्यात उतरूच दिलं नाही, आणि तिच्यासाठी चुकचुकणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. मलाही तिचं नाव कळलं ते चार वर्षांनी, सोलमध्ये तिने दोन सुवर्णं आणि एक रौप्य मिळवल्यावर. तोवर ती एका मुलाची आई झाली होती.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. तिचा देश नकाशावरून गेला; बार्सिलोना, अटलांटा, सिडनी, प्रत्येक ठिकाणी ती सुवर्ण घेऊनच परतली. एकूण आठ सुवर्णं, चार रौप्यं. सरकारांची भांडणं खेळाडूंच्या अंगावर काढणं मात्र आजही थांबलेलं नाही. म्हणून पदकांची बेरीज वाचताना मी आधी तिच्यातली गाळलेली वर्षं शोधतो.

आठवं सुवर्ण अथेन्सचं, 2004 चं, वयाच्या 42 व्या वर्षी, चौघींच्या कयाकमध्ये. त्या कयाकमध्ये तिच्या जोडीने वल्हं मारणाऱ्या कारोलिन लिओनहार्टचा जन्म 1984 चा.